गुहेच्या भिंतीवरचा शब्द

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्हां दोघांपैकी एकाच्या घरी एक वही हाती लागली. वही सातवीतल्या मुलाची. गणिताची म्हणून सुरू झालेली आणि मागच्या पानांपासून उलट्या दिशेने भलत्याच कामाला लागलेली. त्या मागच्या पानांवर पेन्सिलीने तीस-बत्तीस शब्द लिहिलेले होते. शब्द म्हणायचे ते उपचारापुरते, कारण दोन शब्दांमधली जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, मोठ्या लिपीतली रोमन अक्षरे एकमेकांना चिकटून बसलेली आणि मधूनच एखादा आकडा. काहींवर रेघ ओढलेली, काहींपुढे बरोबरची खूण. पोथ्यांच्या छायाप्रती चाळण्यात उमेदीची काही वर्षे घालवलेल्या माणसांना असे पान दिसले की हात आपोआप चष्म्याकडे जातो. 'ही कसली सांकेतिक लिपी?' असे आम्ही विचारले. मुलाने आमच्याकडे ज्या करुणेने पाहिले ती आम्ही वर्गात कित्येकदा इतरांवर उधळलेली आहे. 'कोड आहेत काका. रेघ मारलेले मेले,' तो म्हणाला.

शब्द मरतात हे भाषेच्या अभ्यासकाला ठाऊक असते. पण ते मंगळवारी जन्मून शनिवारी मरतात हे आम्हांला नवे होते. तेव्हा सुटीतला थोडा वेळ आम्ही या मर्त्य शब्दांच्या वंशावळीत घालवला. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

आधी खेळाविषयी. त्याचे नाव 'ब्लॉक्स फ्रुट्स'. २००६ साली खुल्या झालेल्या रोब्लॉक्स या व्यासपीठावर तो २०१९ पासून खेळला जातो. जग समुद्री चाच्यांचे, 'वन पीस' या जपानी चित्रकथेवरून सुचलेले. चमत्कारिक फळे खाऊन अंगी शक्ती येते आणि एकाच समुद्रात अनेक ठिकाणचे खेळाडू एकाच वेळी वावरत असतात. खेळाचा कणा म्हणजे पायऱ्या, मुलांच्या भाषेत लेव्हल. ७०० व्या पायरीपर्यंत पहिला समुद्र, तेथून १५०० पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. शेवटची पायरी अडीच हजारांच्या पलीकडे आहे आणि कर्ते ती अधूनमधून आणखी वर सरकवतात. पायरी चढायची तर त्याच त्या शत्रूंना पुन्हा पुन्हा मारायचे, अनुभवाचे गुण साठवायचे, नव्या बेटावर जायचे आणि तेथे पुन्हा तेच. याला ही मुले 'ग्राइंड' म्हणतात. म्हणजे दळण. मराठीत 'तेच ते दळण' हा वाक्प्रचार असताना आम्हांला या शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही.

(दळणाचे स्वतःचे वाङ्मय असते हे मराठीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. जात्यावर बसलेल्या बाईला ओवी सुचली ती दळण लवकर संपत नव्हते म्हणून. आणि जनाबाईच्या आख्यायिकेत खुद्द विठ्ठल जात्याच्या खुंट्याला हात लावायला येतो, त्याला या मुलांच्या भाषेत 'डबल एक्सपी' असेच म्हणावे लागेल. असो.)

वहीतल्या शब्दांचे काम नेमके हेच. खेळातल्या एका चौकटीत शब्द टाकला की वीस मिनिटे अनुभवाचे गुण दुप्पट मिळतात. काही शब्दांनी खेळातले पैसे मिळतात, काहींनी आपल्या शक्तींची केलेली वाटणी मोडून नव्याने करता येते. एका खात्याला एक शब्द एकदाच. शब्द कधी बंद पडेल हे बहुधा आधी कळत नाही.

या शब्दांकडे आम्ही आमच्या सवयीने पाहिले, म्हणजे त्यांत काय म्हटले आहे ते वाचले. आणि तेथेच आम्ही अडखळलो. बऱ्याच शब्दांची सुरुवात 'सबस्क्राइब'च्या आखूड रूपाने होती, पुढे दोनचा आकडा आणि त्यापुढे कुणा चित्रफीतकाराचे टोपणनाव. म्हणजे 'अमक्याचे वर्गणीदार व्हा' एवढेच ते वाक्य. इतर खेळांचे कोडही त्याने शेवटच्या पानावर टिपले होते. त्यांतले काही पसंतीचा अमुक लाखांचा टप्पा गाठल्याचे नगारे होते, तर काही चक्क माफीनामे : खेळ बंद ठेवावा लागला, क्षमस्व, सुधारणा यायला उशीर झाला, क्षमस्व. जाहिरात, आभार आणि दिलगिरी या तीन रसांत ते सगळे वाङ्मय आटोपले होते. ज्या शब्दाने दार उघडते त्या शब्दाला काही अर्थ असावा अशी आमची अपेक्षा नव्हती. परंतु तो अर्थ पावतीपुस्तकावरचा असेल असेही वाटले नव्हते.

कारण दार उघडणाऱ्या शब्दाची आमची ओळख वेगळ्या घरातली आहे. मराठी कानाला 'तिळा तिळा दार उघड' हे बालपणापासून पाठ. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या तेव्हापासून त्या गोष्टी आपल्याच घरच्या होऊन गेल्या. त्यांतली अलीबाबाची गोष्ट मुळात कोणत्याही जुन्या अरबी हस्तलिखितात सापडलेली नाही. आलेप्पोच्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने ती १७०९ मध्ये पॅरिसमध्ये अंत्वान गालाँ यांना तोंडी सांगितली आणि १७१७ साली ती त्यांच्या फ्रेंच ग्रंथात छापली गेली, हा संशोधनातला एक गोड भाग. अलीबाबाला शब्द मिळतो तो झाडावर लपून, ऐकून. त्याचा भाऊ कासम गुहेत शिरतो खरा, पण बाहेर पडताना त्याला तीळ आठवत नाही. तो जवाचे नाव घेतो, आणखी धान्यांची नावे घेतो, आणि दार हलत नाही. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. त्या गोष्टीत शब्द मरत नाही. तो विसरणारा मरतो.

संगणकावरच्या खेळांत दार उघडणारा पहिला प्रसिद्ध शब्दही गुहेतच सापडतो. विल क्राउथर हा अमेरिकी संगणकतज्ज्ञ. आजच्या महाजालाचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत त्याचा वाटा होता. फावल्या वेळी तो केंटकीतल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहाजालात उतरून नकाशे काढीत असे. पत्नीशी फारकत झाल्यावर आपल्या दोन लहान मुलींना खेळता यावे म्हणून त्याने १९७५-७६ च्या सुमारास एक कार्यक्रम लिहिला. पडद्यावर चित्र नाही, केवळ मजकूर : तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, समोर अमुक वाट आहे. खेळाडूने एक-दोन शब्द टंकायचे आणि गोष्ट पुढे सरकायची. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि 'अ‍ॅडव्हेंचर' या नावाने तो विद्यापीठा-विद्यापीठांतून पसरला. त्यात ढिगाऱ्याने भरलेली एक खोली लागते. तेथे भिंतीवर जादूचा शब्द लिहिलेला आहे : एक्स, वाय, झेड, झेड, वाय. उच्चारता न येणारा, अर्थ नसलेला. तो टंकला की खेळाडू क्षणात गुहेबाहेरच्या विहीरघरात पोहोचतो. तेथून टंकला की पुन्हा आत. सगळी पायपीट वाचते.

या खेळात 'तिळा उघड'चे इंग्रजी रूप टंकून पाहिले तर काय होते? दार उघडत नाही. प्रयत्न चांगला आहे, पण हा जादूचा शब्द फार जुना, झिजलेला आहे, अशा आशयाचे उत्तर मिळते. आपल्या पूर्वसूरीला इतक्या मिश्कीलपणे नमस्कार करून त्याला बाजूला सारणारी दुसरी संहिता चटकन आठवत नाही.

या शब्दाविषयी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तो संहितेच्या आत आहे. ज्याने गुहा वाचली त्यालाच तो मिळतो. वुड्सच्या आवृत्तीत एकूण गुण ३५०. कित्येक खेळाडू ३४९ वर अडकून राहत, कारण उरलेला एक गुण एक मासिक एका विशिष्ट आडवळणी जागी नेऊन ठेवल्यावरच मिळत असे. असे करावे याची सूचना कोठेच ठळक नाही. हा एक गुण शोधण्यासाठी माणसांनी मूळ कार्यक्रमाच्या ओळी उकलून वाचल्या. महानुभावांच्या सकळ लिपीची किल्ली राजवाड्यांनी शोधली तेव्हा बंद पोथ्यांमधून एक अख्खे मराठी वाङ्मय बाहेर आले. त्या मानाने एका गुणाची मिळकत क्षुल्लक खरी. पण शोधणाऱ्याचा पिंड तोच.

पुढच्या दशकातली गोष्ट आमच्या स्वतःच्या वयाशी येऊन भिडते. १९८५ साली कोनामी कंपनीचा 'ग्रेडियस' हा खेळ जपानी खेळघरांत आला. पुढल्या वर्षी तो घरगुती यंत्रावर आणण्याचे काम काझुहिसा हाशिमोतो या कर्मचाऱ्याकडे होते. खेळ तपासण्यासाठी तो शेवटपर्यंत खेळावा लागे आणि हाशिमोतोला तो फारच अवघड वाटे. म्हणून त्याने स्वतःच्या सोयीसाठी बोटांना सहज आठवेल असा एक क्रम घालून ठेवला : वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. तो क्रम विकलेल्या प्रतींतही राहून गेला. सुताराने कपाटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीची माप-खूण विसरावी तसा. १९८८ च्या 'कॉन्ट्रा'त हाच क्रम तीस आयुष्ये देऊ लागला. हाशिमोतो २०२० साली वारले तेव्हा जगभरच्या चाळिशीतल्या माणसांनी ही दहा बटणे मनातल्या मनात दाबून त्यांना निरोप दिला. त्यांत आम्हीही होतो.

नव्वदीच्या दशकात तालुक्याच्या गावीही 'टीव्ही गेम' येऊन पोहोचला होता. तो मूळ जपानी यंत्राची नक्कल असे आणि त्यात घालायची ती 'कॅसेट'. कॅसेट तासावर भाड्याने मिळे. 'कॉन्ट्रा'ची तीस आयुष्ये आम्हांला कोणत्याही छापील मजकुरातून कळली नाहीत. ती वरच्या इयत्तेतल्या एका मुलाने, मामाच्या गावाहून आणून, आम्हांला तोंडी दिली. शुद्ध मौखिक परंपरा. आणि परंपरा आली की पाठभेद आलेच. शेवटी 'स्टार्ट' दाबायचे की त्याआधी 'सिलेक्ट', यावर आमच्या गल्लीत दोन संप्रदाय होते. दोघांचेही बरोबर होते हे पुढे कळले : एकट्याने खेळायचे तर 'स्टार्ट', दोघांनी खेळायचे तर आधी 'सिलेक्ट'. संहितेच्या एका अवस्थेला दोन पाठ असू शकतात हे पाठचिकित्सेच्या तासाला शिकण्यापूर्वीच आम्ही शिकलो होतो, फक्त त्याला नाव नव्हते.

जपानीत अशा गोष्टींना 'उरावाझा' म्हणतात, म्हणजे पाठीमागच्या बाजूची युक्ती. या युक्त्यांच्या इतिहासात आम्हांला सर्वांत रम्य वाटलेले प्रकरण म्हणजे नाम्को कंपनीचा १९८४ चा 'ड्रुआगाचा मनोरा'. त्यात साठ मजले. बहुतेक मजल्यांवर एक दडलेली पेटी. ती कशाने प्रकट होते हे खेळ मुळीच सांगत नाही. एकट्याने ते उलगडणे जवळजवळ अशक्य, आणि प्रत्येक प्रयत्नाला नाणे मोजावे लागे. तेव्हा जपानी खेळघरांतून वह्या ठेवलेल्या असत. जो तो आपल्याला सापडलेली युक्ती त्यांत लिही, पुढचा ती वाचून एक मजला वर जाई आणि स्वतःची भर घाली. यंत्रापाशी माणूस एकटाच उभा असे, तरी मनोरा चढला तो समुदायाने. आमच्या घरच्या वहीचे हे खरे आजोबा.

अनेकांनी एकाच जगात एकाच वेळी खेळण्याची सुरुवात मात्र त्याआधीच, इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात झालेली होती. रॉय ट्रबशॉ याने १९७८ च्या शरदात 'मड' हा खेळ लिहायला घेतला. १९८० मध्ये तो रिचर्ड बार्टल याच्या हाती आला. हाही मजकुराचा खेळ, पण येथे गुहेत तुमच्याबरोबर दुसरी खरी माणसे होती. खजिना शोधून तो दलदलीत नेऊन टाकायचा, गुण मिळवायचे, पायरी चढायची. सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचलेला खेळाडू 'विझर्ड', म्हणजे मांत्रिक होई आणि खेळाचा कारभार पाहण्याचे अधिकार त्याला मिळत. बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की या पायऱ्यांमागे एक विचार होता. ते आणि ट्रबशॉ इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेत खालच्या बाजूला जन्मलेले. बोलण्याच्या ढंगावरून माणसाचे भवितव्य ठरवणाऱ्या समाजाला उत्तर म्हणून त्यांनी असे जग उभे केले की जेथे जन्माला किंमत नाही आणि जो तो आपल्या कर्तबगारीने वर जाईल. लेव्हल ही कल्पना कागदावरच्या खेळांत आधीही होती. पण तिला न्यायाचे वजन आले ते येथे.

हे वजन महत्त्वाचे, कारण पुढचा सगळा पेच त्यातून निघतो. एकट्याच्या गुहेत मी जादूचा शब्द वापरला तर कुणाचे काही जात नाही. 'कॉन्ट्रा'त मी तीस आयुष्ये घेतली तर फार तर शेजारचा मुलगा हसेल. पण ज्या जगात पायरी हीच माणसाची पत आहे आणि बाकीचे ती पायपीट करून चढत आहेत, तेथे माझा गुप्त शब्द हा त्यांच्या श्रमांचा अवमान होतो. १९९३ च्या 'डूम' या प्रसिद्ध खेळात हा भेद यंत्राच्याच ओळींत लिहिलेला आहे : आय-डी-डी-क्यू-डी ही अक्षरे टंकली की खेळाडू अवध्य होतो, पण तो एकटा असेल तेव्हाच, जोडलेल्या संगणकांवर इतरांबरोबर खेळताना ती अक्षरे निष्प्रभ ठरतात. पुढे जगे मोठी झाली, त्यांचा सगळा हिशेब कंपनीच्या संगणकावर राहू लागला, आणि भिंतीवर शब्द विसरून जाणारा क्राउथर किंवा खूण पुसायची राहून गेलेला हाशिमोतो यांना तेथे जागाच उरली नाही.

गुप्त शब्द गेला, पण घाई गेली नाही. १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला. त्यातले दळण इतके लांब होते की तयार पात्रे, तलवारी, नाणी खऱ्या पैशांनी विकली जाऊ लागली. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली या व्यवहारांवरून त्या काल्पनिक देशाचे दरडोई उत्पन्न मोजले : वर्षाला २,२६६ डॉलर, म्हणजे रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध. निबंध विनोदाच्या अंगाने लिहिला असला तरी आकडा विनोदी नव्हता. काही वर्षांनी या बाजाराला कारखाने लागले. ज्युलियन डिबेल यांनी २००७ मध्ये चीनमधल्या नानजिंग येथील एका अशा जागेचे वर्णन लिहिले आहे. तेथे तरुण मुले बारा-बारा तासांच्या पाळीत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधली सोन्याची नाणी गोळा करीत. मजुरी ताशी सुमारे तीस सेंट. ती नाणी अनेक हातांतून अमेरिकेतल्या खेळाडूपर्यंत पोहोचत. त्या खेळाडूला दळणाचा कंटाळा होता आणि पैसा होता. आमच्या मनात मात्र त्या वर्णनातला एक तपशील घर करून बसला : पाळी संपल्यावर विरंगुळा म्हणून त्यांतली काही मुले तोच खेळ खेळत.

कंपन्यांनी या चोरट्या व्यापाराशी बरीच झुंज दिली. त्याच सुमारास त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. लोक दळण चुकवण्यासाठी पैसे देत असतील, तर ते आपणच का घेऊ नयेत? दक्षिण कोरियातल्या कंपन्यांनी खेळ फुकट ठेवून आतल्या वस्तू विकण्याची रीत रूढ केली. पुढे ती फोनवर आली आणि सर्वत्र झाली. या घटकेला पायरीचा अर्थ फिरला. एसेक्सच्या दोन तरुणांनी पायरी उंच ठेवली ती चढणाऱ्याला मान मिळावा म्हणून. नव्या व्यवस्थेत ती उंच ठेवण्यात आणखी एक हित आले : उद्वाहनाचे तिकीट खपावे.

आणि येथे कोड परत आला, छापील चिठ्ठी होऊन. २००५ मध्ये 'वेबकिन्झ' नावाची कापडी जनावरे बाजारात आली; प्रत्येकाला लावलेल्या पट्टीवर एक गुप्त संकेत. तो टंकला की तेच जनावर पडद्यावर जिवंत होई. २००६ पासून 'वॉरक्राफ्ट'च्या पत्त्यांत काही दुर्मिळ पत्ते असे निघत की खरवडल्यावर खाली संकेत दिसे आणि खेळात त्याची वस्तू मिळे. येथून मुलाच्या वहीतल्या शब्दापर्यंत एकच पाऊल उरते. कागद गळाला, शब्द सर्वांना सारखाच झाला आणि त्याला मुदत लागली. 'ब्लॉक्स फ्रुट्स'मध्ये जी दुप्पट कोडने वीस मिनिटे मिळते, तीच दुप्पट आतल्या दुकानात रोबक्स मोजून तासांच्या हिशेबाने मिळते. म्हणजे कोड हा मालाचा नमुना आहे; मिठाईवाल्याने तोंडात घातलेला पेढ्याचा तुकडा. पेढा घेतलाच पाहिजे असे तो म्हणत नाही.

'गेन्शिन इम्पॅक्ट' या २०२० सालच्या खेळाचा हिशेब आम्ही कागदावर मांडून पाहिला. नव्या आवृत्तीच्या प्रक्षेपणात तीन कोड दाखवले जात, प्रत्येकी शंभर रत्नांचा. सुरुवातीच्या वर्षांत ते साधारण दिवसभरात मरत. हवे ते पात्र मिळवण्याची सोडत एका वेळेला १६० रत्ने घेते, आणि नशिबाने काहीच साथ दिली नाही तर खात्री मिळते ती १८० व्या सोडतीला. तीनशे रत्ने म्हणजे दोन सोडतीही नव्हेत. तरीही त्या दिवशी माणसे गजर लावून जागी राहत. आम्ही त्यांना हसत नाही. विद्यापीठाच्या मानधनाच्या बिलासाठी आम्ही याहून अधिक जागरणे केली आहेत.

या सगळ्यावर उत्तम टीका एका खेळानेच केली आहे. इयन बोगोस्ट हे खेळांचे अभ्यासक आणि कर्तेही. फेसबुकवर 'फार्मव्हिल'ची लाट असताना २०१० मध्ये त्यांनी 'काऊ क्लिकर' काढला. एक गाय, तिला दर सहा तासांनी एकदा बोट लावायचे, थांबायचे नसेल तर पैसे भरायचे. एवढेच. विडंबन म्हणून केलेला हा खेळ पन्नास हजारांवर लोक मनापासून खेळू लागले. कंटाळून बोगोस्ट यांनी सप्टेंबर २०११ मध्ये सगळ्या गायी नाहीशा केल्या. कुरणावर गाय जेथे उभी असे ती मोकळी जागा तेवढी उरली. त्या मोकळ्या जागेवरही काही जण बोट लावत राहिले. विडंबनाच्या सिद्धान्तावर आम्ही वर्गात जे काही बोलतो त्यात या मोकळ्या जागेला कोठे बसवावे हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

वहीकडे परत येऊ. मुलगा हे शब्द मिळवतो कसे, हे आम्ही त्याच्याकडून शिकून घेतले. कर्त्यांची स्वतःची खाती आणि खेळाचे अधिकृत पान हा पहिला आधार. तेथे शब्द नसेल तर तो संशयास्पद मानायचा. शब्द जसाच्या तसा, लहान-मोठ्या लिपीसह उतरवायचा. नक्कल करताना शेवटी मोकळी जागा चिकटली तरी यंत्र नाही म्हणते. खरा कोड खेळाच्या आतच टाकायचा असतो. कोडच्या बदल्यात जे पान परवलीचा शब्द मागते ते फसवे. हे ज्ञान त्याला फुकट मिळालेले नव्हते. वर्गातल्या एका मित्राने फुकट रोबक्सच्या आशेने आपला परवलीचा शब्द एका पानावर लिहिला आणि दोन वर्षांचे दळण एका रात्रीत गेले. मित्र दोन दिवस शाळेत आला नाही. त्याच्या आईने सरांना पोटदुखी कळवली होती.

'फ्री फायर'चे बारा किंवा सोळा अक्षरांचे संकेत तर आमच्या मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही रोजच्या रोज छापून येतात, राशिभविष्याच्या नियमितपणाने. मूळ 'फ्री फायर'वर भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. त्याचा 'मॅक्स' हा भाऊ खेळात राहिला आणि यादीही चालू राहिली. रोज ताज्या म्हणून दिलेल्या त्या यादीतले किती शब्द खरोखर जिवंत असतात हे तपासण्याचे काम वाचकावर सोडलेले असते. आमच्या मुलाची पेन्सिलीची रेघ त्या याद्यांपेक्षा प्रामाणिक वाटली. प्रत्येक शब्द त्याने स्वतः टाकून पाहिला होता आणि मेलेला शब्द खोडून न टाकता वाचता येईल असा ठेवला होता. कशासाठी, असे विचारले तर म्हणाला, कधीकधी परत चालू होतात.

आम्ही त्याला पायपिटीचे महत्त्व सांगायला निघालो होतो हे कबूल केले पाहिजे. जिभेवर वाक्य तयार होते. पण टेबलावर, त्या वहीच्या शेजारी, आमच्यापैकी एकाने द्वितीय वर्षाच्या मुलांसाठी काढलेल्या टिपणांची चळत पडलेली होती. गेली चौदा वर्षे आम्ही ती वाटतो. 'लीळाचरित्र' कधीही न उघडता त्यावरच्या सोळा गुणांच्या प्रश्नाला बारा गुण मिळवून देण्याची त्यांची कीर्ती आहे. आमच्या महाविद्यालयाच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे त्यांच्या प्रती नावाने मागितल्या जातात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आम्ही 'अपेक्षित' म्हणून फळ्यावर जे सात-आठ प्रश्न लिहितो ते टिपून घेणारी मुले दोन शब्दांमधली जागा ठेवत नाहीत, विरामचिन्हे गाळतात, आणि परीक्षा झाली की त्या पानावर रेघ मारतात. अभ्यासक्रम लांब कोणी केला आणि वाट आखूड करण्याची चिठ्ठी कोण वाटतो, या प्रश्नाचे उत्तर आमच्याच घरात निघत होते. तेव्हा वाक्य तसेच राहिले.

आम्ही त्याला त्याऐवजी एक्स-वाय-झेड-झेड-वायची गोष्ट सांगितली : गुहा, मुली, ढिगाऱ्याची खोली, भिंत. त्याने ती लक्ष देऊन ऐकली. मग त्याचा पहिला प्रश्न, तो अजून चालतो का? चालतो, आम्ही म्हणालो. जुना खेळ आजही संगणकावर मिळतो आणि शब्द जसाच्या तसा आहे. 'किती वेळा?' हवा तितक्या वेळा. हे त्याला पटले नाही. पन्नास वर्षे झाली आणि कोणी बंद केला नाही, हे कसे, असे तो दोनदा म्हणाला. तरी वहीच्या नव्या ओळीवर ती पाच अक्षरे त्याने लिहून घेतली आणि पुढची जागा मोकळी सोडली.

तेवढ्यात आतून जेवायला हाक आली. मुलगा केव्हाच फोनकडे वळला होता. 'आई, डबल चालू आहे,' तो मान वर न करता म्हणाला. 'अजून अकरा मिनिटं.' आम्ही ताटे पालथी घालून बसून राहिलो.